चैत्रपालवी, शाळा आणि घर: वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे प्राथमिक शाळांमधील फाल्गुन-चैत्रातील उपक्रमांविषयी आणि त्यांत घरच्यांनी किती व कसे उतरावे याविषयी आहेत. आपल्याकडे शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने वसंत ऋतू नेमका वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतो, आणि मग वर्षभर राहून गेलेले सगळे उपक्रम या दोन महिन्यांत उरकण्याची घाई होते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: माझी मुलगी दुसरीत आहे. फेब्रुवारीपासून शाळेच्या सूचनांचा मारा चालू आहे: मराठी भाषा गौरव दिनाला वेशभूषा, विज्ञान दिनाला प्रतिकृती, ‘वसंतोत्सवा’ला पिवळे कपडे आणि कागदी फुलांचा मुकुट, महिला दिनी आयांनी सकाळी अकरा वाजता हजर राहायचे. आम्ही दोघेही नोकरी करतो. रात्री जागून मी मुकुट बनवते आणि मुलगी शेजारी झोपलेली असते. हे टाळले तर आपण कमी पडलो असे वाटते. काय करावे?
— एक आई, हडपसर

उत्तर: आपली तक्रार रास्त आहे आणि ती आपल्या एकटीची नाही. प्रत्येक सूचनेला एकच प्रश्न विचारून पाहावा: या कामात मुलीचा हात किती लागणार आहे? लागणार नसेल, तर तो उपक्रम प्रत्यक्षात आपल्यासाठी काढलेला आहे, आणि मोठ्यांच्या हस्तकलेच्या परीक्षेला बसण्याचे बंधन कोणत्याही पालकावर नाही. मुलीने स्वतः कातरलेला, एका बाजूला झुकलेला मुकुट निःसंकोच शाळेत पाठवावा. इतर मुकुटांपुढे तो गबाळा दिसेल हे खरे, परंतु वर्गशिक्षिकेला त्यावरून मुलीची कात्री कशी चालते हे कळेल, जे बाजारातून आणलेल्या मुकुटावरून कधीच कळणार नाही.

विज्ञान दिनाचेही तसेच. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 28 फेब्रुवारी 1928 रोजी आपला शोध जाहीर केला, म्हणून हा दिवस पाळला जातो. थर्माकोलचा ज्वालामुखी त्या दिवसाला का जोडला गेला हे मला आजवर उमगलेले नाही. पुण्यात राहणाऱ्या कुटुंबाला यापेक्षा सोपी वाट उपलब्ध आहे. विज्ञान दिनानिमित्त विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रासारख्या संस्था सर्वांसाठी दारे उघडतात. तेथे मुलीला घेऊन जावे आणि तिने पाहिलेल्या एका गोष्टीवर तिच्या शब्दांत चार ओळी तिलाच लिहू द्याव्यात.

हजेरीविषयी वर्गशिक्षिकेला आजच एक सविस्तर चिठ्ठी लिहावी. ‘मला वेळ नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘या सत्रात मी एक शनिवार सकाळ नक्की देऊ शकते, त्या दिवशी माझ्याकडून कोणते काम होईल ते सांगावे’ असे लिहिले, तर शिक्षिकेलाही नियोजन करता येते. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता आयांना बोलावणाऱ्या शाळेने नोकरी करणाऱ्या आयांचा आणि एकूणच वडिलांचा विचार केलेला नसतो. हे तिला नम्रपणे, पण लेखी कळवणे आवश्यक आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर कुजबुजून सूचनापत्रक बदलत नाही.

प्रश्न: पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका प्राथमिक शाळेत मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. पालकांपैकी कोणी बांधकामावर, कोणी घरकामाला, तर कोणी भाजीच्या हातगाडीवर. पालकसभेला मोजकेच येतात. वसंतातील एखादा उपक्रम घरच्यांना सामील करून घ्यावा असे वाटते, पण खर्च शून्य हवा आणि परीक्षेच्या अभ्यासाला धक्का लागू नये. काही सुचवाल का?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर: बाई, आपल्या पत्राला मी सर्वाधिक जागा देत आहे, कारण पालकांच्या सहभागाचा खरा प्रश्न आपल्याच वर्गात आहे. सभेला किती जण आले यावरून सहभाग मोजण्याची आपल्याला सवय लागली आहे. सकाळी आठला कामावर निघणाऱ्या आणि एका दिवसाची मजुरी बुडवणे न परवडणाऱ्या माणसाला त्या मोजमापात कायमचा शून्य मिळतो. म्हणून उपक्रम असा निवडावा की पालकाला शाळेत यावे लागू नये, परंतु त्याच्याजवळ असलेली माहिती शाळेत यावी.

शाळेच्या आवारातील किंवा गल्लीतील एक झाड वर्गाने निवडावे आणि दर सोमवारी त्याची नोंद ठेवावी: कोवळी पाने, जून पाने, कळ्या, उमललेली फुले, कच्ची फळे, पिकलेली फळे यांपैकी काय मुळीच नाही, काय थोडे आहे आणि काय पुष्कळ आहे. ‘सीझनवॉच’ या देशभरातील नागरिक-विज्ञान प्रकल्पात शाळकरी मुले याच पद्धतीने झाडांच्या नोंदी करतात. त्यात नाव नोंदवले नाही तरी पद्धत घ्यायला हरकत नाही. आपल्या परिसरात या दिवसांत निवडीला वाव भरपूर असतो. काटेसावर पाने गाळून लाल फुलांनी भरलेली असते आणि तिच्यावर मैना, बुलबुल, कावळे आणि खारी यांची रीघ लागलेली असते. पिंपळाला तांबूस पालवी फुटते. कडुलिंबाला मोहर येतो आणि त्याचा वास सकाळच्या सत्रात थेट वर्गात पोहोचतो. वाळलेल्या फांदीवर भोक पाडून बसलेला तांबट दिसला, तर त्या आठवड्यात वेगळे काही शिकवायची गरजच उरत नाही.

माझी स्वतःची पसंती वावळाला आहे. मार्च-एप्रिलमध्ये वावळाच्या चपट्या, कागदासारख्या पापुद्र्यात बसलेल्या बिया वाऱ्याबरोबर रस्ताभर उडतात. मुलांनी त्या गोळा कराव्यात, आपण स्वतः वरच्या मजल्याच्या खिडकीतून एकेक बी सोडावी आणि खाली मुलांनी मीटरपट्टीने ती किती दूर पडली हे मोजावे. मग काही बियांचे पापुद्रे कातरून त्याच खिडकीतून सोडून पाहावे. मोजमाप, बेरीज, तुलना आणि तक्ता हे तिसरीचे गणित यात आपोआप होते, त्यामुळे अभ्यास बुडाला असे कोणाला म्हणता येणार नाही.

आता घरच्यांचा भाग. दर आठवड्याला मुलांनी घरी एकच प्रश्न न्यावा आणि उत्तर वहीत लिहून आणावे. ‘आपल्या गावाकडे या महिन्यात कोणते झाड फुलते आणि त्याचे काय करतात?’ या एका प्रश्नाला आपल्या वर्गात किती दिशांनी उत्तरे येतील याची कल्पना करावी. विदर्भातून आलेली आजी मोहाची फुले पहाटे वेचण्याबद्दल सांगेल. मराठवाड्यातला बाप पळसाच्या पानांच्या पत्रावळी कशा टाचतात ते सांगेल. कोणी कडुलिंबाच्या काडीने दात घासण्याबद्दल, तर कोणी रानात कैऱ्या पाडण्याबद्दल. ज्या पालकाला लिहिता येत नाही त्यालाही या प्रश्नाचे उत्तर देता येते, किंबहुना तोच अधिक नेमके देतो. मुलाने ऐकलेले उत्तर स्वतः लिहिणे आणि वर्गात वाचून दाखवणे हा वाचन-लेखनाचा सरावच आहे, आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हे तर 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्टच आहे. यासाठी वेगळा तास काढायचा नसेल, तर राज्य शासनाने पहिली ते आठवीसाठी 2024 मध्ये आणलेला ‘आनंददायी शनिवार’ आहेच. तो चित्रफिती दाखवून संपवण्यापेक्षा येथे कारणी लागेल.

गुढीपाडव्याविषयी दोन शब्द. पाडव्याला पाटीपूजन करून मूल शाळेत घालण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ ही हाकही शिक्षकांना परिचित आहे. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी एप्रिलमध्ये शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो आणि उन्हाळ्यात आयांचे गट मुलांकडून घरगुती वस्तूंनी छोट्या कृती करून घेतात. आपल्या तिसरीच्या मुलांच्या आयांपैकी दोघी-तिघींना त्या गटांत पुढाकार घ्यायला सांगावे. वस्तीतली ओळख त्यांच्याकडे असते, आपल्याकडे नसते.

वर्गात सर्व धर्मांची मुले असतील, तेव्हा गुढी उभारून थांबू नये. 2025 साली 30 मार्चला पाडवा आणि लगेच 31 मार्चला रमजान ईद होती. ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते आणि पाडवा अधिक मासामुळे पुन्हा वसंतातच येतो, ही गंमत भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मुलांना शोधायला लावावी. एप्रिलमध्ये 11 तारखेला महात्मा फुले आणि 14 तारखेला डॉ. आंबेडकर यांची जयंती येते. ज्या शहरात 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा भरली, त्या शहरातल्या मुलांनी ‘आपल्या घरात पहिल्यांदा शाळेत कोण गेले?’ हा प्रश्न त्या आठवड्यात घरी न्यावा. काही घरांतून ‘तूच’ असे उत्तर येईल, आणि तेही वहीत तितक्याच मानाने लिहून घ्यावे.

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झालो असून माझा नातू चौथीत आहे. शाळेत आजी-आजोबा दिवस होतो. आम्हाला खुर्च्यांवर बसवतात, गुलाबाचे फूल देतात, मुले नाच करतात आणि आम्ही घरी येतो. मला याहून काही उपयोगी करायचे आहे, पण शाळा विचारत नाही.
— एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर: शाळा विचारणार नाही, आपणच विचारावे, आणि मुख्याध्यापकांसमोर मोघम ‘सेवे’ऐवजी ठरावीक प्रस्ताव ठेवावा. उदाहरणार्थ, ‘दर शनिवारी अर्धा तास, चार-चार मुलांच्या गटाला मी गोष्ट वाचून दाखवीन’ किंवा ‘उन्हाळी सुट्टीपूर्वी मुलांना बँकेत पैसे भरण्याची चिठ्ठी भरायला शिकवीन’. आजीबाईंना चैत्रांगण काढता येत असेल, तर त्यांनाही सोबत न्यावे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणात काढायच्या या रांगोळीत गौरीच्या पाळण्यापासून सूर्य, चंद्र, शंख, कासव, नाग, गोपद्मे अशी चिन्हे असतात, आणि आजच्या सदनिकांतील बहुतेक मुलांनी ती पाहिलेलीही नसतात. शाळेच्या फरशीवर खडूने ती काढू द्यावीत. रेघ वाकडी गेली तर पुसून सरळ करू नये, हे मात्र आजीबाईंना आधीच सांगून ठेवावे लागेल.

वर्गात शिक्षकांचा शब्द अंतिम मानावा, आगंतुकांच्या वहीत नोंद करावी आणि इतरांच्या मुलांची छायाचित्रे काढू नयेत. आपल्या काळी शिस्त कशी होती हे पहिल्या महिन्यात तरी सांगू नये.

प्रश्न: मार्चअखेर शाळा दुसरीच्या मुलांना टेकडीवर नेणार आहे आणि पालकांना सोबत बोलावले आहे. ऊन आणि मधमाश्या यांची भीती वाटते. पाठवावे का? रंगपंचमीच्या रंगांबद्दलही सांगावे.
— एक वडील, बाणेर

उत्तर: पाठवावे आणि आपणही जावे, मात्र शाळेकडून काही गोष्टी आधी पक्क्या करून घ्याव्यात. चढण सकाळी सातच्या सुमारास सुरू होऊन नऊपर्यंत सर्वजण खाली आलेले असावेत. आठ मुलांमागे एक मोठा माणूस असावा, आणि पालक बोलावण्याचा उपयोग तोच आहे. आपापल्या मुलाचा हात धरून चालणे हा नव्हे. प्रत्येकाजवळ पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट असावेत. या दिवसांत टेकड्यांवरील गवत वाळलेले असते, त्यामुळे काडी पेटवण्याचा कोणताही प्रकार तेथे होता कामा नये.

आग्या मोहोळ दिसल्यास वाट बदलावी; दगड, धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तर या चारही गोष्टी टाळाव्यात. माश्या उठल्याच तर जमिनीवर लोळू नये, चेहरा झाकून घ्यावा आणि लवकरात लवकर गाडीत किंवा बंद खोलीत शिरावे. काटा राहिला असेल तर नखाने खरवडून काढावा. ओठ-चेहरा सुजू लागला किंवा श्वासाला त्रास झाला, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे. ज्या मुलाला पूर्वी अशी ॲलर्जी झाली आहे त्याच्या पालकांनी ते शिक्षकांना लेखी कळवावे.

रंगांसाठी टेकडीवरची झाडावरची फुले तोडू नयेत, फक्त खाली पडलेली पळसाची फुले वेचावीत. ती गरम पाण्यात रात्रभर भिजत ठेवून सकाळी गाळून घेतली की केशरी रंग तयार होतो. तो फार गडद येत नाही, आणि मुले त्याबद्दल कुरकुर करतात. करू द्यावी.

प्रश्न: आमच्या शाळेने वसंत मेळ्यासाठी ‘ऐच्छिक’ वर्गणी मागितली आहे आणि न देणाऱ्यांची नावे गटावर टाकली जातात. हे योग्य आहे का? पालकांना काही अधिकार असतात का?
— एक पालक, वाकड

उत्तर: नावे जाहीर केली की वर्गणी ऐच्छिक राहत नाही, त्यामुळे हे अयोग्यच आहे. खासगी शाळांच्या शुल्कासंबंधीच्या महाराष्ट्राच्या 2011 च्या कायद्यानुसार प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक शिक्षक-पालक संघाचे सदस्य असतात आणि कार्यकारी समितीत इच्छुक पालकांमधून सोडतीने निवड होते. समितीतील पालक प्रतिनिधी कोण आहेत ते शाळेकडे विचारावे, आणि मेळ्याचा हेतू, अंदाजित खर्च व वर्गणीचा हिशेब हे विषय त्यांच्यामार्फत बैठकीत लेखी मांडावेत. अनुदानित, महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. पुढच्या जूनमध्ये समितीसाठी नावे मागवली जातील, तेव्हा आपले नाव द्यावे आणि वसंतातील कार्यक्रमांची चर्चा फेब्रुवारीत नको, दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत व्हावी असा आग्रह धरावा. मेळा ठेवायचाच असेल, तर घरच्या पन्ह्याचा आणि आंब्याच्या डाळीचा एक टेबल पुरेसा होतो, आणि त्याला वर्गणी लागत नाही.