आधी भिंत बघा, फोटो मग काढा

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा गावाच्या वेशींच्या आत राहणाऱ्या माणसांचे फोटो काढून ते मोठ्या पोस्टरच्या रूपात तिथल्याच भिंतींवर लावायचे आहेत, तर कॅमेरा कोणता घ्यावा आणि पोस्टर कृष्णधवल ठेवावं का, असं तुम्ही विचारलंय. कॅमेऱ्याचं शेवटी सांगतो, तो यातला सर्वांत सोपा भाग. कृष्णधवलचं आधी.

जेआर या फ्रेंच कलाकाराचं काम बघून तुम्हाला हे सुचलं असावं. त्याने २०११ मध्ये ‘इनसाइड आउट’ सुरू केलं आणि देशोदेशी लोकांचे कृष्णधवल चेहरे भिंतींवर लागले. मीही त्याच नादात आमच्या तालुक्याच्या गावी बाजारओळीत २१ चेहरे लावायला घेतले. पहिल्या सकाळी चहाच्या टपरीमागे भाजीवाल्या आजीचा फोटो लागला. दुपारपर्यंत तिच्या पुतण्याला तिघांनी गाठून विचारलं, “काहो, बुढी कवा गेली?” आपल्याकडे समोर बघणारा, एकटा, काळा-पांढरा चेहरा भिंतीवर दिसला की लोक खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ शोधतात. आजी पोट धरून हसली. सून नाही हसली. संध्याकाळी ते पोस्टर मीच उतरवलं.

नुसता रंगीत चेहरा केला तर दुसरीच पंचाईत. चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स आहेतच, त्यात तुमचा माणूस आणखी एक शुभेच्छुक वाटतो. म्हणून हात दिसू द्या, कामातले. आजीचा दुसरा फोटो मी तराजू धरलेला, चौकटीबाहेरच्या गिऱ्हाइकाशी भांडता भांडता हसतानाचा काढला. तो दोन महिने राहिला, कोणी काही विचारलं नाही. हमाल, मापारी, शिंपी, पंक्चरवाला, सगळ्यांना त्यांच्या जागी, त्यांच्या कामात गाठा. कापसाच्या हंगामात जिनिंगमधून सुटलेल्या माणसाच्या भुवयांवर रुई बसलेली असते, ती पुसायला लावू नका.

आता भिंत. जुन्या गावातल्या बऱ्याच भिंतींवर चुन्याचे थरावर थर असतात. खळ वाळली की कागद चुन्याचा पापुद्रा घेऊनच खाली येतो. मातीच्या भिंतीला तर हातच लावू नका. तळहात भिंतीवर घासून बघा, पांढरा झाला तर ती भिंत सोडा. सिमेंटचा गिलावा, गोडाऊनचं पत्र्याचं दार, बंद दुकानाचं शटर (मालकाला विचारून) या जागा उत्तम. भिंत ठरल्यावरच फोटो काढायचा, कारण उभी की आडवी, रस्त्यावरून दिसते की बोळीतून, यावर चौकट ठरते. अरुंद बोळीत माणूस चार फुटांवरून बघणार. तिथे नुसता मोठा चेहरा लावला तर त्याला फक्त नाकपुड्या दिसतील.

दिल्ली, दारव्हा, मंगरूळ, पोहा, या वेशींच्या दगडाला मात्र खळीचा थेंबही लागू देऊ नका. फोटोत मागे घ्या, बस्स. शकुंतला या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या स्टेशनाची भिंतही मोह घालेल, पण ती रेल्वेची जागा, तिची परवानगी वेगळी. बाकी ठिकाणी घरमालकाची लेखी संमती आणि नगरपरिषदेचं पत्र दोन्ही घ्या. १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा कलेचं पोस्टर आणि पुढाऱ्याचं पोस्टर असा भेद करत बसत नाही. निवडणुकीच्या तोंडावर तर लावूच नका. विधानसभा-लोकसभेची आचारसंहिता लागली की सरकारी इमारतींवरचं सगळं २४ तासांत काढायचं असतं, आणि कर्मचारी त्या घाईत आजीला उमेदवार समजून खरवडणार.

वेळ म्हणाल तर संक्रांतीनंतर. दिवाळीला लोकांनी नुकताच रंग दिलेला असतो, तेव्हा भिंत मागायला गेलात तर चहा मिळेल, भिंत नाही. मे महिन्यात खळ तडकते, पावसाळ्याचं सांगायलाच नको.

कागद पातळ घ्या, ८०-९० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम). चकचकीत फोटोपेपर भिंतीला चिकटतच नाही. इंजिनिअरांचे नकाशे छापणारे प्लॉटरवाले अमरावती-नागपूरला मिळतात. छपाईचा तुकडा आधी मागून घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. शाई पसरली तर दुसरा छापणारा शोधा. खळीसाठी एक वाटी मैद्याला पाच-सहा वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता शिजवायचं. चुना मारायच्या कुच्याने आधी भिंतीला, मग कागदावरून, मधून कडांकडे. काही जण खळीत मोरचूद घालायला सांगतील. घालू नका, ते विष आहे आणि आपल्याकडे बकऱ्या पोस्टर खातात. माझ्या शिंप्याचे गुडघ्यापर्यंतचे पाय एका बकरीने एका दुपारी संपवले. खालची कड जमिनीपासून चार-साडेचार फूट वर ठेवा.

राहिला कॅमेरा. पोस्टर ए-झीरो आकाराचं धरू, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून त्यावर इंचाला सुमारे १२० ठिपके मिळतात, १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलमधून ९० च्या आसपास. सात-आठ फुटांवरून दोन्ही चालतात. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड तेवढा बंद ठेवा. तो पदराची कड आणि कानाची पाळी खातो, छोट्या स्क्रीनवर कळत नाही, भिंतीवर वीतभर दिसतं. फाइल छापायला देताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, पेनड्राइव्ह न्या. उन्हाळ्यात नऊनंतर ऊन डोळ्यांखाली काजळ घातल्यासारखी सावली पाडतं. माणसाला ओसरीत किंवा छपरीच्या कडेला, तोंड रस्त्याकडे करून बसवा आणि समोर एक पांढरं धोतर धरायला पोरगं उभं करा, यापेक्षा महागडा रिफ्लेक्टर लागत नाही.

छापण्याआधी प्रत्येकाला ए-फोर आकाराची रंगीत प्रत घरी नेऊन दाखवा. बाई असेल तर तिच्या घरच्यांसमोर, मूल असेल तर आई-बापाला. शेजारच्या भिंतीवर कोण लागणार तेही तेव्हाच सांगा. माझ्याकडे दोन भाऊबंदांचा शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद कोर्टात होता आणि मी दोघांना एकाच गोडाऊनच्या दारावर लावलं होतं.