ड्वॉर्फ मिनिएचर रंगवताना दाढीचा चिखल होतो, बारीक ब्रश घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की दहा ड्वॉर्फांचा, म्हणजे टेबलावरच्या खेळातल्या बुटक्या दाढीवाल्या योद्ध्यांच्या छोट्या पुतळ्यांचा, बॉक्स रंगवायला घेतलाय, चिलखतं बरी जमली, पण दाढीवर रंग गेला की केसांच्या रेघाच बुजतात. म्हणून ट्रिपल झिरो ब्रश मागवावा का?

नका मागवू. इतक्या बारीक ब्रशवर रंग मावतोच किती? मिनिएचरपर्यंत पोचेस्तोवर तो टोकावरच वाळायला लागतो. टोक शाबूत असलेला एक नंबरचा ब्रश पुरे. वर्णनावरून घोळ रंगाच्या जाडीचा वाटतोय. मिठाईच्या चपट्या डब्यात ओला टिश्यू अंथरा, वर बटर पेपर, आणि त्यावर रंग पातळ करा. खालचा थर एका हातात झाकला गेला नाही तरी चालेल, दोन पातळ हात द्या.

दाढीवर एवढा जीव का टाकायचा, तर या पुतळ्यांचं नेहमीचं 28 मिलिमीटर हे माप माणसाचं. ड्वॉर्फ त्याहून बुटका, अंगठ्याच्या पेराएवढा. त्यात हनुवटीपासून पट्ट्यापर्यंत दाढीच. वर उरतं नाक आणि दोन भुवया. टेबलावर हातभर अंतरावरून लोक तेवढंच बघतात. बूट मी तर एका हातात उरकतो.

क्रम असा ठेवा: धातू आधी, कारण तो रंग इकडेतिकडे उडतोच. मग चेहरा. दाढी शेवटी. तपकिरी दाढीला गडद तपकिरी बेस द्या, वाळला की त्यावर तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग. वॉश खाचांत उतरतो आणि प्रत्येक बट वेगळी दिसायला लागते. टोकाशी थेंब साचला तर लगेच, ओलसर पण रिकाम्या ब्रशने टिपून घ्या. वाळल्यावर त्याचं डबकं कायम राहतं. हा वॉश पूर्ण वाळू द्या. माझ्या बहुतेक दाढ्या इथेच, घाईपायी बिघडल्या.

मग ड्रायब्रश. जुना मेकअपचा ब्रश घ्या, फिकट तपकिरी रंगात बुडवा आणि जवळजवळ सगळा रंग टिश्यूवर पुसून टाका. अंगठ्यावर फिरवून बघा: कातडीच्या रेघांवर हलकी धूळ बसल्यासारखं दिसलं तर तयार, पट्टा उमटला तर अजून पुसा. केसांच्या दिशेने नाही, केसांना आडवा फिरवायचा, म्हणजे रंग फक्त उंचवट्यांवर बसतो.

लाल दाढी उजळताना पांढरा घालू नका, आजोबा गुलाबी होतात. नारिंगी घाला, शेवटच्या दोन-चार रेघांना त्यातच थोडा त्वचेचा रंग. पांढरी दाढी पांढऱ्यापासून सुरू करू नका. राखाडीवरून चढत या आणि शुद्ध पांढरा फक्त टोकांना ठेवा. वॉरहॅमर या खेळातल्या स्लेयर ड्वॉर्फांची गोष्ट वेगळी. बदनामी धुऊन काढायला मरण शोधत फिरणारे हे गडी केस मुद्दाम नारिंगी रंगवतात, म्हणजे तो रंग गोष्टीतही लावलेलाच असतो. तिथे भडकपणा खुशाल करा.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. मी जुलैत डोंबिवलीच्या बाल्कनीत स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, मारला होता. हवेतल्या दमटपणाने पृष्ठभाग इतका खरखरीत झाला की पाच ड्वॉर्फ रव्यात घोळवलेल्या सुरमईसारखे दिसत होते. प्लास्टिकचे होते म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून टूथब्रशने खरवडता आले. त्या खरखरीत थरावर कुठलीही दाढी जमली नसती. तेव्हा तुमच्या ड्वॉर्फांवरचा प्रायमर आताच नखाने तपासा. खरखर लागली तर पावसाळाभर ब्रशने लावायचा प्रायमर वापरा, आणि स्प्रे वार्निशला ऑक्टोबरपर्यंत हात लावू नका.