टेबलावरचा वेढा

प्रश्न : माझ्या अकरावीतल्या मुलाला वॉरगेमिंगचा, म्हणजे छोटे सैनिक मांडून लढाया खेळण्याचा छंद सुरू करायचा आहे. यात नेमके काय करतात, आणि फार खर्च न करता सुरुवात कशी करावी?
– एक पालक, फोंडा

उत्तर : टेबलावर टेकडी, नदी, तट मांडायचे, तुकड्यांची चाल टेपने मोजायची आणि चकमकीचा निकाल फासे टाकून ठरवायचा, असा हा खेळ आहे. फाशात नशीब आलेच. पण उंचावरच्या किंवा तटाआडच्या तुकडीला नियमाने जास्तीचे गुण मिळत असल्यामुळे मोक्याची जागा कोणी धरली, यावर बरेच काही ठरते. राइसवित्स या प्रशियन अधिकाऱ्याने १८२४ मध्ये बसवलेला असा खेळ लष्करी प्रशिक्षणात वापरला गेला. घरगुती छंदासाठी इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये नियम छापले. त्यात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने शिशाचे सैनिक खरोखरच पाडायचे असत.

आपण फोंड्याचे आहात, तेव्हा १६८३ च्या फोंडा किल्ल्याच्या वेढ्यापासूनच सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. पोर्तुगीज तोफांनी तटाला खिंडार पाडले होते, पण संभाजी महाराज कुमक घेऊन आल्यावर व्हाइसरॉयला वेढा उठवावा लागला. खेळताना हाच पेच दोघांपुढे येतो : किल्ल्यातल्या मोजक्या शिबंदीतून खिंडारावर किती माणसे उभी करायची आणि दरवाजावर किती ठेवायची, आणि वेढा घालणाऱ्याने कुमकेच्या वाटेवर किती तुकड्या अडकवून ठेवायच्या? कुमक कितव्या डावाला पोहोचणार, हेही फाशावर सोडले, तर दोघांचा जीव टांगणीला लागतो. पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत उरकलेला प्रसंग मुलाला असा आतून कळतो, आणि या छंदाचे खरे मोल मला त्यातच वाटते.

खर्चाचे म्हणाल, तर तयार सैनिक लगेच घेऊ नयेत. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर पायदळ, घोडदळ, तोफ असे लिहावे. तटाला थर्माकोल पुरतो. गोडी टिकली, तर १/७२ प्रमाणाचे, साधारण अडीच सेंटिमीटर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक आणावेत. रंगवण्यापूर्वी ते साबणाच्या पाण्याने धुवावेत, नाहीतर साच्यातला तेलकटपणा राहून रंगाचे पापुद्रे निघतात. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत रंगाआधी द्यायचे स्प्रेचे अस्तर पांढुरके आणि खरबरीत बसते, म्हणून त्या महिन्यांत ते ब्रशनेच द्यावे.