लाउका राष्ट्रीय उद्यान आरीकाहून एका दिवसात पाहून परतता येईल का?

चिलीच्या उत्तर टोकावरील आरीका शहरातून पहाटे निघून, लाउका राष्ट्रीय उद्यान पाहून त्याच रात्री परतावे का, असे आपण विचारले आहे. तसे करता येते आणि अनेक सहली तशाच निघतात, परंतु मी स्वतः वाटेवरच्या पुत्रे गावी मुक्काम करून हे उद्यान पाहिले आणि आपल्यालाही तोच सल्ला देईन. आरीका समुद्रकिनाऱ्यावर आहे, तर उद्यानातील चुंगारा सरोवर ४,५०० मीटरांहून उंच, म्हणजे लडाखच्या पँगाँगपेक्षाही वर आहे. दोहोंमधील अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर असल्याने ही सगळी चढण काही तासांतच संपते आणि समुद्रसपाटीच्या तुलनेत जिथे हवेचा दाब साठ टक्क्यांहूनही कमी असतो, तिथे शरीर कोणत्याही तयारीविना जाऊन पोहोचते.

पुत्रेची उंची साधारण ३,५०० मीटर, जवळपास लेहइतकीच आहे. लेहला विमानाने उतरल्यावर आपण जसे सुरुवातीला विश्रांती घेतो, तसेच येथेही करावे: हलके जेवण, पुरेसे पाणी, मद्य वर्ज्य. उंचीच्या त्रासावर उपाय म्हणून कोकाच्या (ज्यापासून कोकेन बनते त्या झुडपाच्या) पानांचा चहा जागोजागी मिळतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. ती पाने भारतात आणणे तर कायद्याने गुन्हा आहे. उंचीच्या त्रासावरील गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे. डोकेदुखी आणि मळमळ होत असेल तर त्या दिवशी आणखी वर चढू नये, आणि बसल्या जागी धाप लागू लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता ताबडतोब खाली उतरावे.

मुक्कामाचा दुसरा लाभ असा की उद्यान निवांत पाहता येते. प्रवेशाजवळील लास कुएवास येथे व्हिस्काचा हा सशासारखा दिसणारा, लांब शेपटीचा प्राणी खडकावर डोळे अर्धवट मिटून उन्हात बसलेला असतो. घाईची गाडी त्याच्यासमोरून तशीच निघून जाते. तेथेच यारेटा नावाची वनस्पती दिसेल. दुरून शेवाळ धरलेला धोंडा वाटतो, पण जवळ वाकून पाहिले की हजारो इवल्याशा पानांची घट्ट वीण दिसते आणि हाताला ती खरोखरच दगडासारखी टणक लागते. ती वर्षाला फार तर एक-दीड सेंटिमीटर वाढते, त्यामुळे मोठे झुडूप शेकडो वर्षांचे असते. एके काळी खाणींसाठी आणि रेल्वेसाठी ती सरपण म्हणून तोडली गेली, हे वाचल्यावर मला फार वाईट वाटले. कृपया तिच्यावर पाय ठेवू नका.

चुंगारा सरोवर मात्र सकाळीच गाठावे, कारण दुपारी वारा सुटला की पारिनाकोटा ज्वालामुखीचे प्रतिबिंब पाण्यात उरत नाही. हजारो वर्षांपूर्वी या ६,३०० मीटरांहून उंच पर्वताची एक बाजू ढासळली, त्या राड्यारोड्याने पाणी अडले आणि हे सरोवर बनले. जवळच्या कोटाकोटानी तळ्यांमधल्या बुटक्या टेकड्या त्याच कोसळलेल्या डोंगराचे तुकडे आहेत, म्हणून दोन्ही ठिकाणे त्याच फेरीत पाहावीत.

जानेवारी-फेब्रुवारीत या पठारावर पाऊस असतो. मे ते ऑक्टोबर आकाश स्वच्छ राहते, मात्र रात्री पारा शून्याखाली जातो. गाडी स्वतः चालवणार असाल तर इंधनाची टाकी आरीकातच भरावी आणि अंधारापूर्वी पुत्रेला परतावे. बोलिव्हियाकडे जाणाऱ्या मालट्रकांची या घाटरस्त्यावर सतत वर्दळ असते.