कृष्णविवरांवर आईनस्टाईनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत तपासायचाय? आधी एवढंच कर

खानापूरचं काळंभोर आकाश इथे कामाचं नाही बाळा. कृष्णविवराजवळच्या तप्त वायूतून येणारे एक्स-किरण वातावरणातच अडतात. उपग्रहांचाच डेटा लागतो. नासाच्या हीसार्क संग्रहातून तो घरबसल्या, फुकट उतरवता येतो.

सुरुवात लोखंडाच्या रेषेपासून कर, म्हणजे त्या वायूतले लोखंडाचे अणू ठरावीक ऊर्जेचे एक्स-किरण सोडतात, त्याची वर्णपटातली खूण. मूळची 6.4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) ऊर्जेची ही रेषा कृष्णविवराजवळच्या वेगाने आणि गुरुत्वाकर्षणाने पसरते. तो पसारा आईनस्टाईनच्या गणिताशी जुळतो का, हेच बघायचं. मला आजही ती रेषा बघून भरून येतं.

नवखे इथे चुकतात:
- पार्श्वभूमी, म्हणजे इतर ठिकाणांहून आलेले नको असलेले सिग्नल, नीट वजा करत नाहीत.
- आलेख जुळला की सिद्धांत सिद्ध झाला मानतात. हे फार घातक. कृष्णविवराची फिरकी (स्वतःभोवती फिरण्याचा वेग) आणि सिद्धांतातला फरक, दोन्ही रेषेला सारखाच आकार देऊ शकतात.

पहिला सराव सिग्नस एक्स-1 या कृष्णविवरावर कर. अडलास की विचार.