बोस्टन मॅसेकर: कत्तल, हत्याकांड की गोळीबार?

प्रश्न असा आलाय: "मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी अमेरिकेच्या इतिहासातल्या काही चित्रांच्या कॅप्शन मराठीत करतेय. १७७० च्या 'बोस्टन मॅसेकर'पाशी अडले. मी 'हत्याकांड' लिहिलं, नवरा म्हणतो पाच माणसं मेली, हत्याकांड कसलं, 'गोळीबार' लिही. सासरे म्हणतात 'कत्तल'. कुठला शब्द बरोबर? आणि मॉबला जमाव म्हणू की झुंड?"

तुमच्या घरात जे भांडण चाललंय ना, तेच भांडण १७७० साली बोस्टन आणि लंडनमध्ये चाललं होतं, फक्त इंग्रजीत. त्यामुळे डिक्शनरीत मॅसेकर बघून उत्तर मिळणार नाही, आधी काय झालं ते थोडक्यात बघू म्हणजे कुठला शब्द कुठे बसतो ते कळेल.

बोस्टन तेव्हा इंग्रजांच्या वसाहतीतलं बंदर. (कॉलनी लिहू नका हं, मराठीत कॉलनी म्हटलं की वॉचमन आणि पाण्याची टाकी डोळ्यासमोर येते.) नव्या जकातींवरून तिथे गडबड सुरू झाली म्हणून १७६८ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रज सरकारने पलटणी आणून बसवल्या. पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव, त्यात हे लाल डगलेवाले. पगार कमी, म्हणून सोजीर लोक (गोरे सैनिक) ड्यूटी संपली की गावात मिळेल ते काम कमी मजुरीत करायचे आणि गावातल्या कामगारांच्या पोटावर पाय यायचा. २ मार्च १७७० ला एक सोजीर दोर वळायच्या कारखान्यात काम मागायला गेला, तिथल्या एकाने सांगितलं आहे की काम, माझा संडास साफ कर. त्यावरून काठ्यालाठ्यांनी मारामारी झाली. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात नसते पण माझ्या मते टॅक्सपेक्षा हीच जास्त कामाची आहे, कारण त्या मारामारीतला सॅम्युअल ग्रे नावाचा दोरवाला आणि मॅथ्यू किलरॉय नावाचा सोजीर तीन दिवसांनी पुन्हा समोरासमोर आले, आणि ग्रे मेला.

५ मार्चची रात्र, रस्त्यावर बर्फ. किंग स्ट्रीटवर जकातीच्या कचेरीपुढे एकच पहारेकरी, ह्यू व्हाइट. केसांचे टोप (विग) बनवणाऱ्याच्या दुकानातलं एक शिकाऊ पोरगं एका अधिकाऱ्याला मालकाचे पैसे बुडवले म्हणून चिडवत होतं (पैसे खरं तर दिलेले होते), व्हाइटने त्या पोराच्या डोक्यात बंदूक हाणली. झालं, माणसं जमली. बर्फाचे गोळे, बर्फाचे टोकदार तुकडे, कालवांच्या शिंपल्या, दांडकी. मग कॅप्टन थॉमस प्रेस्टन २९ व्या पलटणीचे सात जण घेऊन पहारेकऱ्याला सोडवायला आला आणि तोही अडकला. एक दांडकं येऊन माँटगोमेरी नावाच्या सोजिराला लागलं, तो पडला, उठला आणि त्याची बंदूक उडाली, मग थोड्या वेळाने बाकीच्यांच्या. तीन जण जागीच गेले, सतरा वर्षांचा सॅम्युअल मॅव्हरिक दुसऱ्या दिवशी सकाळी, पॅट्रिक कार नावाचा आयरिश माणूस नऊ दिवसांनी. एकूण पाच.

आता शब्द. पाच माणसांना 'मॅसेकर' हे नाव कुणी दिलं? बोस्टनच्या पुढाऱ्यांनी, मुद्दाम आणि लगेच. गावाने जी हकिकत छापून वाटली तिचं नावच 'बोस्टनमधल्या भीषण मॅसेकरची छोटी हकिकत' अशा अर्थाचं होतं. आणि सरकारी बाजूने लंडनमध्ये जे छापून आलं त्याच्या नावाचं मराठी करायचं तर 'बोस्टनमध्ये नुकत्याच झालेल्या दुर्दैवी गडबडीचा खरा वृत्तांत'. घटना एक, प्रेतं तीच, एकाला ती मॅसेकर, एकाला गडबड. म्हणजे सासरे बोस्टनवाले निघाले, नवरा लंडनकडे जरा झुकलेला पण अगदी 'गडबड' म्हणण्याइतका नाही.

पॉल रिव्हिअर नावाच्या बोस्टनच्या कारागिराने तीनेक आठवड्यांत चित्र छापून बाजारात आणलं (हेन्री पेलहॅमच्या चित्रावरून ढापून, पेलहॅमने त्याला खरमरीत पत्र लिहिलंय). तुमच्या प्रोजेक्टमध्ये बहुतेक हेच चित्र असणार. सोजीर एका रांगेत कवायतीसारखे उभे, मागे कॅप्टन तलवार उचलून हुकूम देतोय, वर निळं आकाश, पुढे एक कुत्रं. रात्रीचे नऊ-साडेनऊ वाजलेले आणि आकाश निळं! आणि जकातीच्या कचेरीवर एक पाटी आहे, झूम करून बघा, लिहिलंय 'बुचर्स हॉल', म्हणजे खाटकाचा वाडा. इथे शब्दाच्या दृष्टीने गंमत अशी की मॅसेकर हा मूळ जुन्या फ्रेंचमधला शब्द खाटिकखान्याशीच नातं सांगतो, आणि आपल्याकडे कत्तलखाना म्हणजेही तेच. म्हणजे सासऱ्यांचा 'कत्तल' हा शब्द त्या पाटीसकट चित्राला फिट्ट बसतो.

पण कत्तलीचं एक आहे. अरबीत 'कत्ल' म्हणजे नुसतं ठार मारणं, एका माणसाचं असलं तरी. मराठीत येईपर्यंत तो शब्द सुजला आणि त्याला घाऊक वास आला. एका माणसाचा होतो खून, कत्तल म्हटलं की ढीग दिसतो. शिवाय एक बाजू मारतेय आणि दुसरी नुसती मरतेय असं ते चित्र असतं. (मतदानाच्या आदल्या रात्रीला 'कत्तल की रात' म्हणतात तो भाग वेगळा, तिथे मरतात फक्त कोंबड्या.) शिरकाणाचंही तेच. त्याची शिर्क्यांवरून आणि शिर कापण्यावरून अशा दोन व्युत्पत्त्या सांगतात, कुठलीही धरा, डोकी उडाल्याशिवाय शिरकाण होत नाही. आणि नरसंहार आता जेनोसाइडसाठी इतका पक्का झालाय की इथे लिहिलात तर मास्तर चक्रावतील.

हत्याकांड जरा वेगळं. कांड म्हणजे मूळ उसाचं कांडं, पेर, मग त्यावरून ग्रंथाचा भाग, बालकांड, कर्मकांड वगैरे. त्याला रक्ताचा डाग नंतर लागला, आणि आता पेपरवाले एका घरातले चौघं मारले गेले तरी हत्याकांड लिहितात, त्यामुळे आकड्याचा नवऱ्याचा आक्षेप मला पटत नाही, पाचाला हत्याकांड चालतं. माझी अडचण दुसरी आहे. मराठी वाचकाच्या कानात हत्याकांड म्हटलं की जालियनवाला बाग वाजते. १३ एप्रिल १९१९, चारी बाजूंनी बंद जागा, निःशस्त्र माणसं, इशारा न देता गोळ्या, सरकारी आकडाच ३७९ चा. तोच शब्द आठ घाबरलेले सोजीर आणि तीन-चारशे चिडलेले, दांडकीवाले लोक यांच्यावर लावला की न सांगता तुम्ही वाचकाला निकाल देऊन टाकता. बोस्टनच्या पुढाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं, पण तुम्ही त्यांच्या वकील नाही ना.

मग गोळीबार? शब्द कोरडा आहे आणि घडलं तेवढंच सांगतो. आपल्याकडे २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर जे झालं त्यात पंधरा जण गेले, म्हणजे बोस्टनच्या तिप्पट, तरी आपण त्याला गोळीबारच म्हणतो. सगळा जोर आपण दुसऱ्या शब्दात ओतला, मेलेल्यांना हुतात्मे म्हटलं आणि चौकाला नाव दिलं. बोस्टनवाल्यांनी घटनेच्या नावात जोर ओतला. क्रिस्पस अटक्स (वडील आफ्रिकन, आई तिथली मूळ रहिवासी, स्वतः खलाशी, त्या रात्री पहिल्यांदा पडला तो हा) याला पुढे हुतात्मा मानलं गेलं आणि बोस्टन कॉमनवर पाचांचं स्मारक झालं ते थेट १८८८ साली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मॉब. यावर तर खुद्द कोर्टात शब्दचर्चा झालीय! सोजिरांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्सने, जो स्वतः इंग्रज सरकारच्या विरोधातला आणि पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष. तो ज्युरीला म्हणाला की या लोकांना मॉब म्हणायचं टाळण्यासाठी इथे नाना शब्द काढले गेले, पण साध्या इंग्रजीत सांगायचं तर ही होती आगाऊ पोरं, काळे, मिश्र रक्ताचे, आयरिश आणि परमुलखातले खलाशी यांची सरमिसळ, आणि यांना मॉब का म्हणू नये ते मला कळत नाही, ते नाव फारच इभ्रतीचं असलं तर गोष्ट वेगळी. तिरकस आहे, आणि आज वाचताना अंगावर येतं, कारण त्याने सगळं खापर 'आपल्या' बोस्टनकरांवरून उचलून परक्यांवर आणि काळ्यांवर फोडलं. केस जिंकायला ते उपयोगी पडलं.

त्याने तिथे वापरलेल्या 'रॅबल'ला (वर मी सरमिसळ केलं तो शब्द, हलक्या लोकांचा घोळका) मराठीत झकास शब्द आहे, बाजारबुणगे. मराठ्यांच्या फौजेमागून चालणारी बिनलढाऊ खोगीरभरती, आणि शब्दात तुच्छता तेवढीच. पण तो अ‍ॅडम्सच्या तोंडीच ठेवा, कॅप्शनमध्ये नको. झुंडही नको, झुंड म्हटलं की माणसांचं जनावर होतं, ती पण एका बाजूची भाषा झाली. 'जमाव' घ्या. आपल्या कायद्यातही 'बेकायदा जमाव' आहे, म्हणजे जमाव नुसता जमलेला असतो आणि बेकायदा ठरवायचं काम वेगळं राहतं. गंमत म्हणून सांगतो, १७७० साली पुण्यात कुणी हे लिहिलं असतं तर 'गर्दी झाली' लिहिलं असतं. तेव्हा गर्दी म्हणजे लोकलमधली दाटी नव्हे, धुमाकूळ, दाणादाण. भाऊगर्दीतली गर्दी ती. आज ते वापरता येत नाही, हळहळ वाटते.

आणि एक शब्द तुम्ही विचारला नाहीत पण खरी फाशीची दोरी त्याच्यावर लटकलेली होती. फायर. त्या रात्री चर्चच्या घंटा वाजल्या, तिथे घंटा म्हणजे आग लागल्याची खूण, त्यामुळे कितीतरी लोक 'फायर, फायर' ओरडत बादल्या घेऊन धावत आले. इकडे जमाव सोजिरांना डिवचत होता, करा ना फायर, हिंमत आहे का. मग बंदुका उडाल्या. आणि प्रेस्टनच्या खटल्यात प्रश्न एकच, 'फायर' हा हुकूम कॅप्टनने दिला की नाही? एक साक्षीदार म्हणतो त्यानेच दिला, दुसरा म्हणतो नाही. ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. मराठीत 'आग!' आणि 'झाडा!' असं केलंत तर सगळा गोंधळच नाहीसा होतो, कुणाला ऐकण्यात चूक व्हायचं कारणच उरत नाही. म्हणून इथे मी म्हणेन 'फायर'च ठेवा. फायर ब्रिगेडमुळे आग हा अर्थ आपल्या लोकांना माहीत आहे, फायरिंगमुळे दुसरा माहीत आहे, एक ओळ समजावून सांगितलं की झालं. उसना शब्द असा क्वचितच दोन्ही खिशांतून पैसे काढून देतो.

बाकीचं पटापट. आठ सोजिरांपैकी सहा सुटले, किलरॉय आणि माँटगोमेरी दोषी ठरले पण खुनाबद्दल नाही, तिथे 'सदोष मनुष्यवध' लिहा, तोच शब्द आहे. फाशीऐवजी जुन्या सवलतीखाली त्यांच्या अंगठ्यावर डाग दिला, 'शिक्का मारला' लिहू नका, पोस्टाचं वाटतं. पॅट्रिक कारने मरताना डॉक्टरांना सांगितलं की सोजिरांनी जीव वाचवायला गोळ्या झाडल्या, ती 'मृत्युपूर्व जबानी'. 'कॉर्पोरल'ला आपल्या सैन्यात नाईक म्हणतात पण त्या आठांतल्या कॉर्पोरल वेम्सला 'नाईक वेम्स' लिहिलंत तर तो वेंगुर्ल्याचा वाटेल, कॉर्पोरलच राहू दे. शिपाईही नको, मुलांना शाळेतला घंटा वाजवणारा आठवेल, 'सैनिक' लिहा (मी सोजीर लिहितोय ती माझी हौस). आणि जमाव लाल डगल्यांवरून 'लॉब्स्टर' म्हणून चिडवत होता, त्याला आपल्याकडे मालवणी बाजूचा अस्सल शब्द आहे, शेवंड. फक्त पंचाईत अशी की बोस्टनचं लॉब्स्टर शिजल्यावर लाल होतं हे माहीत नसलेल्या पोराला त्यातली शिवी कळणार नाही.

तर कॅप्शन: घटनेचं नाव म्हणून जिथे येतं तिथे 'बोस्टन मॅसेकर' तसंच ठेवा, अवतरणात, ते विशेषनाम झालंय. तुमच्या वाक्यात 'गोळीबार'. आणि रिव्हिअरच्या चित्राखाली, कारण ते चित्र म्हणजेच एका बाजूची बोंब आहे, बिनधास्त 'किंग स्ट्रीटवरची रक्तरंजित कत्तल'. सासरेही खूश होतील. पाटी दाखवायला विसरू नका त्यांना.