लोकांचे लाडके होण्याविषयी, एका नवोदित अभिनेत्रीस

नौपाडा, ठाणे

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. घोडबंदर रस्त्यावरच्या स्टुडिओत सकाळच्या कॉल टाइमपासून रात्रीच्या पॅकअपपर्यंत काम करून तू एवढे सविस्तर लिहिलेस, याचे मला कौतुक वाटले. मालिका घरोघरी पोहोचली आहे, मंडईत बायका तुला मालिकेतल्या नावानेच हाक मारतात, आणि अशा वेळी तू विचारतेस की काही माणसे नुसती प्रसिद्ध न राहता साऱ्या देशाला आपल्या घरातली का वाटू लागतात, आणि त्या वाटेने जायचे असेल तर आज काय करावे. सोबत हातात आलेल्या तीन प्रस्तावांबद्दलही तू लिहिले आहेस. त्यांच्याकडे शेवटी येतो, कारण आधीचा प्रश्न नीट सोडवला तर त्या तिन्हींची उत्तरे पुष्कळशी आपोआप मिळतील.

मी अभिनेता नाही. नाटकाचा व्यवस्थापक म्हणून माझा जन्म तिकीट खिडकी आणि विंग यांच्या दरम्यान गेला, त्यामुळे जे सांगेन ते तिथून दिसलेले आहे. नाव गाजत असले की पहिल्या काही प्रयोगांचा प्लॅन भरतो, आणि एवढ्यावरून नट स्वतःला लोकांचा लाडका समजू लागतो. खरी गोष्ट प्रयोग रद्द होतो त्या दिवशी कळते. गडकरी रंगायतनच्या दारावर ‘कलाकाराच्या आजारपणामुळे आजचा प्रयोग रद्द’ अशी पाटी लागली की एका नटाच्या बाबतीत खिडकीपाशी रांग लागते, तिकिटाचे पैसे मोजून घेतले जातात आणि रिक्षाचे भाडे कोण देणार म्हणून वाद होतो. दुसऱ्याच्या बाबतीत तेच प्रेक्षक आधी विचारतात, “फार काही नाही ना त्यांना?” पैसे तेही परत घेतात, पण पुढच्या प्रयोगाची तारीख विचारून मगच जातात. दोन्ही नट हाऊसफुल्ल घेणारेच असतात. मधला फरक जाहिरातीने पडलेला नसतो, आणि माझ्या मते तो केवळ अभिनयाच्या दर्जानेही पडत नाही.

सरकारलाही हे प्रेम देता येत नाही. भारतरत्न 1954 मध्ये सुरू झाले, पण आपल्या राज्यघटनेच्या 18व्या कलमाने पदव्या रद्द केल्या आहेत, आणि असे सन्मान नावाच्या मागेपुढे पदवीसारखे लावता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केले आहे. जपानमध्ये 1950 च्या कायद्याने निष्णात कारागिरांना आणि नटांना रीतसर मान्यता मिळते व सरकार वर्षाला 20 लाख येन देते. पण तिथे जपायचे असते ते कौशल्य, आणि ते पुढच्या पिढीच्या हाती द्यावे अशी त्या माणसाकडून अपेक्षा असते. मला ही व्यवस्था फार आवडते. आपल्याकडे तशी सक्ती नाही, तरी पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या निधनानंतर 1953 मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि स्वतःचे नाव जगभर झाल्यावरही तो दशकानुदशके सांभाळला. स्वतःच्या लोकप्रियतेवर त्यांनी इतर गायकांसाठी मंच उभा केला. पुणेकर थंडीत शाली पांघरून तिथे रात्र रात्र बसत, त्यात ऐकण्याइतकाच या गोष्टीचाही वाटा होता, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता माझे म्हणणे सरळच सांगतो. लोकांनी दिलेले प्रेम ज्याने दुसऱ्या कशाच्या बदल्यात वटवले नाही, तो त्यांचा होतो. वटवले की त्याची रक्कम होते, ती खर्च होते आणि खाते रिकामे होते. पण याचा अर्थ फुकट काम करावे असा मुळीच घेऊ नकोस. आपल्या व्यवसायात ‘एवढे प्रेम मिळते आहे, आता पैशाचे काय घेऊन बसलात’ असे म्हणून नाईट, म्हणजे प्रयोगाचे ठरलेले मानधन, बुडवणारे पुष्कळ भेटतात. लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून साठच्या दशकात भांडण केले. त्या वादापायी मोहम्मद रफींबरोबरचे त्यांचे गाणे काही वर्षे थांबले, पण त्या मागे हटल्या नाहीत. आणि त्याच लताबाईंनी 1983 चा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाकडे पैसे नाहीत असे समजल्यावर दिल्लीत कार्यक्रम केला, मानधन घेतले नाही, आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला 1 लाख रुपये मिळाले. श्रमाचे मोल ठणकावून घ्यायचे आणि प्रेमाचे बिल पाठवायचे नाही, ही दोन्ही कामे एकाच माणसाला जमू शकतात.

तू विचारशील की लोकांना हे कळते कसे. तुझी व्यवहाराची कागदपत्रे तर ते पाहत नाहीत. माझे निरीक्षण असे आहे की प्रकाशझोताबाहेरच्या माणसांशी तू कशी वागतेस, यावरून ते कळते, कारण ती माणसे घरी जाऊन सांगतात. पडदा ओढणारा, इस्त्रीवाला, दौऱ्याच्या बसचा चालक, मेकअप रूममध्ये चहा आणणारा पोऱ्या यांची बोलणी वर्षानुवर्षे झिरपत गावभर पोहोचतात, आणि ती कोणत्याही प्रसिद्धिप्रमुखाला थोपवता येत नाहीत. डॉ. अब्दुल कलामांचा शेवटचा दिवस आठव. 27 जुलै 2015 रोजी गुवाहाटीहून शिलाँगला जाताना पुढच्या उघड्या जीपमध्ये एक जवान बंदूक घेऊन उभा होता. सुमारे अडीच तासांच्या त्या प्रवासात कलामसाहेब अस्वस्थ होऊन ‘त्याला बसायला सांगा’ असे निरोप पाठवत राहिले, आणि पोहोचल्यावर त्यांनी त्या जवानाला शोधून त्याचा हात हाती घेतला, आपल्यामुळे इतका वेळ उभे राहावे लागले म्हणून त्याचे आभार मानले व काही खाणार का, असेही विचारले. त्यानंतर थोड्याच वेळात व्याख्यान देताना ते कोसळले. राष्ट्रपतिपद सोडून त्यांना तेव्हा आठ वर्षे झाली होती. म्हणजे या वागण्यातून मिळवण्यासारखे त्यांच्यापुढे काहीच नव्हते.

सचिन तेंडुलकरचा निरोपही असाच लक्षात राहिला. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर दोनशेवा कसोटी सामना संपल्यावर तो बोलायला उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात नावांची यादी होती. एखादे नाव राहून जाऊ नये म्हणून त्याने ती लिहून आणली होती. वडील, आई, भाऊ, बहीण, पत्नी, मुले, प्रशिक्षक, डॉक्टर, फिजिओ अशी ती यादी त्याने शांतपणे वाचली, आणि आचरेकर सरांनी एवढ्या वर्षांत कधी ‘चांगला खेळलास’ म्हटले नाही हेही हसत सांगितले. साऱ्या मैदानाचे डोळे त्याच्यावर असताना तो इतरांची नावे घेत होता. त्याच दिवशी भारतरत्न जाहीर झाले, पण मैदानावरची माणसे त्याआधीच रडत होती.

एक सावधगिरीची गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. 1999 मध्ये वडील गेल्यावर अंत्यसंस्कार करून सचिन इंग्लंडला परतला आणि केनियाविरुद्ध शतक काढले, किंवा 1911 मध्ये मुलीच्या मृत्यूचे दुःख गिळून बालगंधर्व नव्या नाटकाच्या प्रयोगाला उभे राहिले, या कथा आपण फार अभिमानाने सांगतो. त्यांचे मोठेपण मला मान्य आहे. पण उद्या एखादा निर्माता तुझ्या घरच्या दुःखाच्या दिवशी यातली एखादी कथा ऐकवून तुला उभे करू पाहील, तेव्हा नाही म्हण. तो निर्णय त्या दोघांनी स्वतः घेतला होता.

लाडके होणे म्हणजे सर्वांना गोड वाटणे, हा समज तर मुळातूनच चुकीचा आहे. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये विधवेशी विवाह केला तेव्हा मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे पुण्याहून हिंगण्याच्या आश्रमात ते पायी जात आणि लोक टोमणे मारत. 1958 मध्ये शंभरी गाठलेल्या याच कर्व्यांना भारतरत्न मिळाले. मधल्या पासष्ट वर्षांत त्यांनी लोकांना आवडावे म्हणून आपले काम बदलले नाही, लोक बदलले. पु. ल. देशपांड्यांकडे बघ. आणीबाणीनंतर 1977 च्या निवडणुकीत त्यांनी सभा गाजवल्या आणि निकालानंतर कोणतेही पद न मागता ते आपल्या लेखनाकडे परतले. म्हणूनच 1996 मध्ये पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार स्वीकारताना त्यांनी राज्यकर्त्यांना टोचणारे मत मांडले, तेव्हा सत्ताधाऱ्यांना राग आला तरी वाचकांच्या मनातले त्यांचे स्थान तसूभरही हलले नाही. हा माणूस बोलतो तेव्हा स्वतःसाठी काही मागत नाही, याची खात्री लोकांना वीस वर्षांपूर्वीच पटली होती.

निळूभाऊ फुल्यांचे उदाहरण तुझ्या व्यवसायातले, म्हणून मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पडद्यावर ते बेरकी पुढारी असे रंगवत की बायकांना त्यांचा मनापासून संताप येई. प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते होते आणि उमेदीच्या दिवसांत त्यांनी माळीकाम केले होते. पुढे डॉ. श्रीराम लागू आणि इतर नामवंत कलावंतांबरोबर त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी प्रयोग केले, आणि त्या पैशांतून खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. तेव्हा मालिकेत तुला पुढे खाष्ट जाऊबाई करायला सांगितली तर ‘माझी प्रतिमा बिघडेल’ म्हणून रडू नकोस. भूमिकेचा राग प्रेक्षक भूमिकेवरच काढतात; ते तुला वाटते तितके भाबडे नाहीत.

आणि आपल्या ठाण्याचे गीतकार पी. सावळाराम! ते शहराचे नगराध्यक्ष होते, त्यांच्या नावाने महापालिका पुरस्कार देते, पण त्यांचे खरे स्थान लग्नाच्या हॉलमध्ये आहे. मुलगी सासरी निघते, बँडवाला त्यांचे ते निरोपाचे गाणे सुरू करतो आणि व्याही-विहिणींसकट सगळे डोळे पुसतात. त्यांतल्या कित्येकांना गाणे कोणी लिहिले हे माहीत नसते. नाव पुसले गेले तरी काम घराघरांत राहिले, यापेक्षा मोठा मान मला तरी ठाऊक नाही. तुला ही शक्यता आवडणार नाही, हे मला दिसते आहे. तुझ्या वयात कोणालाच आवडत नाही.

आता तुझे तीन प्रस्ताव. दहीहंडीच्या मंचावर मानधन घेऊन हजेरी लावण्याची सुपारी अवश्य घे, बिदागी आधी ठरव आणि अर्धी आगाऊ घे. त्यात लपवण्यासारखे काही नाही. फक्त ‘काय म्हणताय ठाणेकर’ असे ओरडून पाच मिनिटांत पुढच्या मंचाकडे पळू नकोस. एका तरी पथकाची सलामी पूर्ण होईपर्यंत थांब, खालच्या थरातल्या पोरांना भेट, आणि वरच्या थरावर 14 वर्षांखालचे मूल चढत नाही ना, दोर आणि हेल्मेट आहे ना, हे आयोजकांना होकार देण्यापूर्वीच विचार.

उलव्याच्या गृहप्रकल्पाची जाहिरात मात्र घाईने स्वीकारू नकोस. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागून घे, संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचा ताबा देण्याचा दिनांक आणि चालू असलेले दावे स्वतः वाच, आणि एखाद्या वकिलाला दाखव. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत काम करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुरेशी खातरजमा केली होती हे दाखवता आले तरच सुटका होते. कायदा बाजूला ठेवला तरी, मंडईत तुला हाक मारणारी एखादी बाई तुझ्या शब्दावर भविष्यनिर्वाह निधीचे पैसे तिथे भरेल. तिथे स्वतः घर घेशील का, याचे उत्तर होय असेल तरच सही कर.

प्रचारसभेचे काय करावे हा प्रश्न तू सर्वांत शेवटी आणि बराच आडून विचारला आहेस. राजकीय मत असणे हा तुझा हक्क आहे आणि ते जाहीरपणे मांडण्यात काहीही कमीपणा नाही, पण मत पटलेले नसताना मानधन घेऊन मंचावर उभी राहू नकोस. मनापासून पटले असेल तर एक पैसाही न घेता जा, भाषण पक्षाच्या कार्यालयातून आलेले वाचू नकोस, स्वतः लिही, आणि ते आधी मला दाखवायलाही आणू नकोस.

तुझा,
व्यवस्थापक काका